नुसतं ‘मी हाय’

मी रुळाचा तुकडा बोलतोय. हसू नका. अंगावरून आगगाड्या गेल्या तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. पण छबूबाईनं एका भर दुपारी जे केलं, त्यानं मी हादरलो तो अजून सावरलेलो नाही.

माझी उमेदीची वर्षं दौंड-मनमाड लोहमार्गावर गेली. झिजलो तसं मला काढून टाकलं. सोनईच्या अलीकडच्या या वस्तीतल्या ख्रिस्ती लोकांनी मला बैलगाडीत घालून आणलं आणि आपल्या देवळापुढच्या लिंबाला तारेनं टांगलं. खऱ्या घंटेची ऐपत नव्हती. नाही मामापेक्षा काणा मामा बरा.

मला वाजवायचं काम छबूबाईच्या घराकडे. आधी सासरा, मग नवरा, तो गेल्यावर ती. रविवारी तिनं हातोडी मारली की गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसंही उपासनेला उठायची. मी सगळ्यांना आत बोलावतो, स्वतः मात्र त्या दाराच्या आत कधी गेलो नाही.

इथली एक गंमत मी रोज ऐकतो. कुणी कडी वाजवली की घरातून विचारतात, “कोन हाय?” बाहेरचा म्हणतो, “मी हाय.” झालं, दार उघडतं. नाव नको, गाव नको. आता जगात सगळेच ‘मी’, पण ओळखीच्याला तेवढं पुरतं. तेच तलाठी ‘मी’ म्हणाला की आतून लगेच, “मी कोन?” मग बिचारा सगळी कुंडली सांगत बसतो.

बहात्तरच्या दुष्काळात सारी वस्ती खडी फोडायला जात होती. तेव्हा नगरहून एक प्रचारक आले. लिंबाखाली सभा भरली. त्यांनी विचारलं, “तुमची येशूशी ओळख आहे का? आईवडिलांची नव्हे. तुमची स्वतःची.”

सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. छबूबाई तेवढी म्हणाली, “न्हाई वो. कुनी करून दिलीच न्हाई.”

हशा पिकला. ती हसली नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पुढच्या रविवारी ती आली, हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. मला वाटलं, हात दुखत असेल. देवळाचे पाळकसाहेब धावत आले. “छबूमावशी, उपासनेची वेळ झाली.”

“ज्याची माजी वळख न्हाई, त्याच्या दारात लोकांना कोन्त्या तोंडानं बोलवू?”

“असं काय बोलता? तुमचा बाप्तिस्मा झालाय, मंडळीच्या यादीत नाव आहे.”

“नाव रेशनकार्डावर बी हाय. दुकानदार वळखतो का मला?”

पाळकसाहेबांनी हातोडी उचलली. त्यांनीच मला बडवलं. घमेलं पडल्यासारखा आवाज निघाला. लाजच वाटली मला.

त्यानंतर ती रोज कामावरून येताना देवळाच्या दाराशी थांबायची. आत पाऊल टाकत नव्हती. बाहेरूनच पाठ केलेल्या प्रार्थना म्हणायची, मग तलाठ्यासारखी ओळख सांगायची: मी छबूबाई, भिमाजीची सून, माहेर खर्ड्याचं. आतून काहीच नाही. ती वाळत चालली. तिची जाऊ रतनबाई म्हणायची, “जाऊबाई, पोटाला धड भाकर न्हाई, आन् तुमाला देवाची वळख हवी.” तरी ती थांबायचीच. नवरा गेल्यापासून तिला दुसरं होतं कोण?

आणि मग ती दुपार. त्या दिवशी काम लवकर सुटलं होतं. केसांत खडीची धूळ, पाय ओढत आलेली. डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं, आणि रिकाम्या देवळाची कडी तिनं शेजारणीच्या घरची वाजवावी तशी वाजवली. सवयीनं तोंडातून गेलं, “मी हाय.”

म्हणाली आणि स्वतःच दचकली. दाराला कान लावून उभी राहिली. लिंबाचं पानही हलत नव्हतं. मागून रतनबाई आली.

“काय झालं वो? आतून कुनी बोललं का?”

“न्हाई.”

“मंग? अशा कान लावून का उभ्या?”

“रते, मी नुस्तं ‘मी हाय’ म्हन्ले,” छबूबाई हळूच म्हणाली. “त्यानं ‘मी कोन’ आसं इचारलं न्हाई.”

 तिनं हातोडी घेतली आणि मला असा ठोका दिला, की जन्मात तसा आवाज माझ्यातून निघाला नव्हता. माणसं घरं सोडून धावली. पाळकसाहेब अर्ध्या जेवणातून उठून आले. “काय झालं? आज बुधवार आहे.”

“आसू द्या,” ती म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.

तेव्हापासून रविवारी तीच मला वाजवते. माझी तार मात्र गंजत चालली आहे. एक दिवस मी खाली येईन. मला भंगारात घालाल, घाला. लोखंडाचं नशीबच ते. पण त्याआधी एकदा त्या दाराला टेकवून ठेवा. मीही म्हणेन, ‘मी आहे.’ तुम्ही फक्त कान देऊन ऐका, आतून ‘मी कोण?’ असं कुणी विचारत नाही ना.