चार तोंडांचं पाणी

घरामागच्या पोहण्याच्या तलावाचं काम निघालं ते बाबांसाठी. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून त्यांचं सगळं आमच्या मदतीनं चालतं, नखंसुद्धा मीच कापते. सकाळचं पोहणं तेवढं ते एकटे करतात, आणि त्यासाठीच उठतात म्हटलं तरी चालेल. मध्यंतरी ते शेवाळावर घसरले. नवऱ्याने जाहीर केलं, "एकदा पाइप बदलतो, भरपूर उजेड करतो. त्यानंतरही त्यांना जमलं नाही, तर तलाव बुजवायचा. माती टाकून बाग करू."



बाबांची नजर अधू झालेली, तेव्हा दिव्यांवरून कटकट होणार अशी माझी खात्री होती. पिवळे की पांढरे, भिंतीत की काठावर, हे सगळं विचारून घ्या म्हणून मी वायरमनला त्यांच्यापुढे उभं केलं. त्याने पाण्याखाली बसवायचा दिवा त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो चाचपला, जड आहे म्हणाले आणि परत केला.

"लावा हवे तेवढे. मला काय त्याचं?"

आणि प्लंबर आल्यावर याच माणसाने घर डोक्यावर घेतलं.

जुन्या तलावात गाळलेलं पाणी एकाच तोंडातून आत यायचं, घराकडच्या भिंतीतून. त्यामुळे पलीकडचं पाणी हलायचं नाही आणि तिथे शेवाळ धरायचं. प्लंबरने चारी भिंतींना एकेक तोंड काढायचं ठरवलं. "काका, पाणी सगळीकडून सारखं फिरेल."

"फिरवायचंय कशाला? मला पोहायचंय, कपडे नाही धुवायचे."

"पण शेवाळ..."

"राहू दे शेवाळ."

ज्या शेवाळावर पडले त्याचीच बाजू घेतात, याला काय म्हणावं? प्लंबरला आम्ही आपसात 'बघू' म्हणतो, कारण कशालाही त्याचं हेच उत्तर. तोही आता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नवऱ्याला फोन केला तर म्हणे, "म्हातारपणाचा हट्ट आहे, तू काम पुढे ने." नेलं. बाबांनी माझ्याशी अबोला धरला. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं मी भांड्यांना ऐकवत राहिले. पण मनातून गोंधळले होते. दिव्यांचं काही नाही आणि पाइपांवर एवढा राग?

त्यात वायरमनच्या तारांच्या नळ्या आणि प्लंबरचे पाइप एकाच चरात, दोन्ही पांढरे. एक अख्खी दुपार पाणी कुठून जाणार आणि वीज कुठून, हे कोणालाच सांगता येईना. दोघे एकमेकांवर खेकसत होते आणि मी दोघांना चहा देत होते.

शेवटी तलाव भरला. नीट उजाडायच्या आत वायरमनने बटण दाबलं आणि पाणी तळाच्या फरशीपर्यंत उजळलं. नवा पंप तर चालू आहे की नाही तेही कळत नव्हतं. नवरा आणि प्लंबर कौतुकाने पंपाशीच उभे होते. बाबा कठडा धरून उतरले, मधोमध गेले आणि थांबले. छातीभर पाण्यात उभे राहून त्यांनी एक हात पुढे धरला. वळले. परत धरला. परत वळले.

मी काठाने त्यांच्या जवळ गेले. ते हळूच म्हणाले, "सूनबाई, घर कुठल्या बाजूला आहे गं?"

घर त्यांच्या समोर होतं. सगळ्या खिडक्यांत दिवे होते.

पाणी ढकलतं ती घराची बाजू, एवढ्यावर हा माणूस रोज पोहत होता. दिसत काहीच नव्हतं, आणि कधीपासून नव्हतं कोण जाणे. मला रडू येत होतं आणि रागही, पण कोणाचा तेच कळेना.

"घराकडचं एक तोंड चालू ठेवा," मी प्लंबरला म्हणाले. "बाकीची बंद करा."

"बघू..."

"बघू नका. करा."

नवरा वैतागला. "अगं, मग हा खटाटोप कशाला केला?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. पाणी एकाच बाजूने वाहायला लागलं. बाबांनी मान कलती केली, जरा थांबले आणि सरळ घराच्या दिशेने पोहत पायरीशी आले. एरवी पाण्यापाशी मदतीला गेलेला हात झटकणारे बाबा, त्यांनी आपणहून माझा हात धरला.

"सांगशील त्याला?"

सांगितलं तर तलावात माती पडणार. नाही सांगितलं आणि उद्या काही बरंवाईट झालं तर? तेवढ्यात नवरा टॉवेल घेऊन आला.

"काय म्हणतायत बाबा?"

मला गुडघाभर पाण्याचीसुद्धा भीती वाटते. तरी बोलून बसले, "उद्यापासून मला पोहायला शिकवणार म्हणतायत. रोज."

"तुला?" नवरा हसायलाच लागला.

"मला."

बाबांनी माझा हात सोडला नव्हता, मीही त्यांचा सोडला नव्हता.