खिडकी बंद करताना

गुरुवारी आमच्या नारायण पेठेत दिवे जातात, त्याचं काही कौतुक नाही. पण त्या गुरुवारी मी जेवढी घाबरले, तेवढी यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हाही घाबरले नव्हते. तेव्हा निदान डॉक्टर होते.

झटक्याने यांची जीभ आणि उजवा हात गेला, डोकं मात्र शाबूत. आयुष्यभर वर्गात गणित शिकवलेला माणूस. बोलता येईना म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. मग दिवाळीत आमच्या मुलीने, संस्कृतीने, लॅपटॉपवरच्या लिहायच्या साध्या खिडकीत त्यांच्यासाठी प्रोग्रॅम करून दिला. डाव्या हाताने एकेक अक्षर दाबत ते वाक्य लिहायचे आणि खिडकी ते लक्षात ठेवायची. पुढच्या वेळी पहिलं अक्षर दाबलं की अख्खं वाक्य समोर. 'भ' दाबला की 'भाजीत मीठ घालतात असं ऐकून होतो.' 'म' दाबला की 'मंडईतली सगळ्यात जून वांगी तुलाच बरी सापडतात, सत्ये.' माझा नवरा परत आला होता, तिरकसपणासकट.

त्या दिवशी सकाळी दिवे गेले आणि संस्कृतीचा ऑफिसातून फोन आला. लॅपटॉपची बॅटरी किती आहे, तिने विचारलं. कोपऱ्यात लाल दिसत होतं. झोपताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची माझी सवय. रात्री चार्जरचंही केलं होतं. मग आधी खिडकी बंद कर आणि मग लॅपटॉप, ती म्हणाली. मी म्हटलं, खिडकी आम्ही कधी बंद करतच नाही, नुसतं झाकण मिटतो. यांना ते खपत नाही. एकदा मी बंद करायला गेले तर तोंडच दाबायला आल्यासारखा माझा हात झिडकारला होता.

तिने पुन्हा विचारलं.

"आई, दिवाळीपासून एकदाही नाही?"

"नाही गं."

मग तिने सांगितलं. खिडकी जे शिकते ते बंद होतानाच साठवून ठेवते. तोवर सगळं अधांतरी. बॅटरी संपली तर दिवाळीपासूनचं प्रत्येक वाक्य पुसलं जाणार. तुम्ही रोज बंद करत असाल असं मी धरून चालले होते, हे सांगताना तिचा आवाज रडवेला झाला. फोन स्पीकरवर होता. हे शेजारीच बसून सगळं ऐकत होते आणि ऐकता ऐकता डावा हात कीबोर्डवर चालवत होते. आत्ता काय लिहीत बसलाय, म्हणून मी त्यांच्यावर खेकसले आणि लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

कोपऱ्यातली फुली दाबली. इंग्रजीत एक चौकट आली, तिच्यात तीन बटणं. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. पहिलं दाब, संस्कृती म्हणाली. पहिलं म्हणजे डावीकडचंच ना, मी पुन्हा पुन्हा विचारलं. दाबलं. खिडकी गेली आणि पाठोपाठ पडदा काळा झाला. साठवलं गेलं की नाही, हे तिलाही सांगता येईना.

दिवे यायला दुपार उलटली. तोवर हे माझ्याकडे बघत होते आणि मी नजर चुकवत होते. सगळं गेलं असेल तर हे पुन्हा भिंतीकडे वळतील, आणि या वेळी त्यांना परत फिरवायला माझ्याजवळ काही नव्हतं. देवाला दिवा लावायचंसुद्धा सुचलं नाही.

पंखा फिरायला लागला. लॅपटॉप लावला, खिडकी उघडली. कोरी, पांढरी.

यांनी डावा हात पुढे केला आणि 'स' दाबला. पडद्यावर वाक्य उमटलं.

'सत्ये, गेलं तर गेलं. पुन्हा पहिल्यापासून बोलू.'

सकाळी मी खेकसले, तेव्हा ते हे लिहीत होते.