छापील सुतक

वाघानं झिलूची म्हैस मारली आणि बेळगावच्या एका वर्तमानपत्रानं झिलूलाच मारलं. त्यापेक्षा वाघ परवडला. तो निदान समोर येऊन मारतो.

रामनगरहून मोटारीनं शिळा अंक आमच्या गुंद गावाला यायचा आणि दुकानदार परशुराम तो देवळाच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचायचा. त्या दिवशी त्यानं वाचलं, "गुंद येथील लोकप्रिय शेतकरी झिलू हे नरभक्षक वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्याचे समजते. गावावर शोककळा पसरली असून बाजारपेठ बंद ठेवण्यात आली. त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुलगे आहेत." झिलू समोरच बसून सुपारी कातरत होता.

"मी हाय की हितं!" तो म्हणाला.

"त्ये दिसतंय," गावकार येसाजी म्हणाले. "पर छापलंय."

छापलं म्हणजे मेला, आणि मेला म्हणजे घरात सुतक. शिगम्याचा पहिला ढोल वाजवायचा मान झिलूच्या घराण्याचा, आणि शिगमा तोंडावर आलेला. सुतकी हात ढोलाला चालत नाही. त्या एका ढोलासाठी वर्षभर जगणारा माणूस स्वतःचंच सुतक पाळत घरी बसणार होता.

परशुरामाला मात्र चेव आला. "समजते म्हंजे कुणाला समजते? त्येचं नाव का न्हाई? आन बाजारपेठ? गुंदात बाजारपेठ म्हंजे माजं एक दुकान, त्ये तर उघडंच हुतं!" माणूस एरवी वाकड्यात शिरणारा, पण त्या दिवशी खरं बोलला.

शेवटी अडल्यावर करतो तेच केलं. देवाला कौल लावला. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि एकेक वाक्य देवापुढं वाचायचं. पाकळी उजवीकडची पडली तर खरं, डावीकडची पडली तर खोटं. सगळी बातमी खोटी ठरली तरच सुतक सुटणार, एक वाक्य जरी राहिलं तरी झिलू मेलेला, असं येसाजींनी ठरवून टाकलं.

'ठार' डावीकडं गेलं. बाजारपेठही गेली. 'शोककळा' गेली तेव्हा झिलू जरा हिरमुसला आणि एकेकाच्या तोंडाकडं बघू लागला. 'लोकप्रिय'ची पाकळी तर गुरवानं हात काढायच्या आधीच पडली. आम्ही हसलो, मीसुद्धा.

राहिले दोन मुलगे. झिलू आणि त्याची बायको केशर, दोघांचे केस पिकले, पण त्यांच्या घरात पाळणा हलला नव्हता. गुरवानं पाकळी उचलली तशी केशर पुढं आली. "ह्ये इचारू नगासा," ती म्हणाली.

"इचारल्याबिगार बातमी खोटी कशी पडंल?" येसाजी चिडले. "तुज्या घोवाला ढोल पायजे न्हवं?"

झिलूनं देवळातल्या खुंटीवरच्या ढोलाकडं बघितलं, मग बायकोकडं. "ऱ्हाऊ द्या गावकारानू," तो म्हणाला. "मी मेलेलाच बरा."

शिगम्याला ढोल दुसऱ्यानं वाजवला आणि अगदी भिकार वाजवला. मी विस्तव मागायला गेलो, तर मयत झिलू दारात बसून चुकलेल्या ठेक्याला शिव्या घालत होता. आत केशर ती बातमी भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवत होती. मी विस्तव न मागताच उभा राहिलो.

"अवो," ती त्याला म्हणाली, "धाकल्याचं नाव ठरवायचं ऱ्हायलंय."