हंसाबाईची साक्ष

"भाबी, खरं सांग. शेवटी तरी भावानं तुह्या येशूचं नाव घेतलं का?"

यवतमाळच्या सरकारी दवाखान्याबाहेर लिंबाखाली धाकटा दीर खेमसिंग हंसाबाईपुढे उभा होता. आत तिच्या नवऱ्याचा, भीमसिंगचा देह होता. घाटंजीहून आलेले पास्टरही जवळच होते. भीमसिंगनं विश्वास धरला असेल, तर ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळेल, असं ते नुकतंच म्हणाले होते.

हंसाबाईनं बाप्तिस्मा घेतल्यापासून बंजाऱ्यांच्या त्या तांड्यात तिच्या हातचं पाणी कोणी पीत नसे. खेमसिंगही नाही. भीमसिंगनं मात्र तिला टाकलं नाही. दर रविवारी तो तिला सायकलवर चर्चला नेई आणि बाहेर बिडी ओढत बसे. परतताना ती ऐकलेलं सगळं त्याला सांगे. तो म्हणे, "चांगलं हाय." आणि लगेच, "यंदा बोंडअळी लय हाय."

बोंडअळी वाढली तशी फवारणीची मजुरीही वाढली. भीमसिंग दुसऱ्यांच्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन फिरला. वाऱ्यानं औषध उलटं तोंडावर आलं. घरी आला तो दिसेनासं होऊन, भिंत चाचपतच.

दवाखान्यात त्याचा श्वास अडखळू लागला, तेव्हा तिनं विचारलंच, "येशूपाशी येता का? मी एकटीच तिकडं काय करू?"

तो म्हणाला, "तू म्हनतं तं चांगलाच असन तो. पन मायी याडी, माया बाप, समदे इकडंच गेले. त्यायले सोडून कसा येऊ?" थोड्या वेळानं म्हणाला, "तू प्रार्थना कर. मी आयकतो."

ती प्रार्थना करत असतानाच तो गेला.

हे तिच्याशिवाय कोणी ऐकलं नव्हतं. ती नुसतं हो म्हणाली असती, तरी पुढे कधीतरी त्याच्या शेजारी तिलाही जागा मिळाली असती. पास्टर तिच्याकडे बघत होते.

"नाई घेतलं," हंसाबाई म्हणाली. "म्या विचारलं. ते नाई म्हनले."

पास्टरांनी मान खाली घातली. खेमसिंग तर भांडायच्या तयारीनंच आला होता.

"तुमच्या रीतीनं करा," ती म्हणाली.

तांड्यात देह अंगणात ठेवला. पाणी तापलं. हंसाबाई दूर, कुडाच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला कोणी बोलावणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

खेमसिंगनं पाण्याची बादली उचलली, दोन पावलं टाकली आणि थांबला.

"भाबी," तो म्हणाला, "आंघोळ तू घाल."

ती आली. पदर खोचून खाली बसली. भीमसिंगचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट धुऊ लागली. तिचे ओठ हलत होते. बायकांनी ते पाहिलं. एकीनं तांब्या भरून तिच्या हाताशी ठेवला.