तळाचा रस

मी काचेचा वाडगा बोलतोय. माझं बोलणं कोणाला ऐकू जात नाही, याचं आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं. आज मात्र जीव नुसता कासावीस झालाय.

भट्टीत जन्मलो, साच्यात घडलो आणि दुकानाच्या फळीवर बरेच दिवस धूळ खात बसलो. एक दिवस शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हाच घेऊ या." नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. त्यांनी माझ्या काचेतला बारीकसा बुडबुडा शोधून काढलाच, पण बाईंपुढे त्यांचं काही चाललं नाही.

दर रविवारी बाई माझ्यात फळांचं आणि सुक्या मेव्याचं सॅलड करायच्या. कृती जुन्या मासिकातून कापून ठेवलेली. सफरचंद, संत्रं, द्राक्षं, अननस, बदाम, अक्रोड, वरून मध आणि लिंबू. घड्याळजी आणि लेक त्यावर तुटून पडायचे. पुढे लेक लग्न होऊन दूर गेली आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली.

महिन्यापूर्वी बाईंना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. गेले चार दिवस तर त्या तोंडच उघडत नाहीत. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, "गिळता येतंय त्यांना, अगदी पाणीसुद्धा. पण संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

लेक फोनवर रडत होती. "बाबा, आईचं ते सॅलड करून बघा ना!"

ज्यांनी जन्मात कधी चहा केला नाही, त्यांनी मला खाली काढलं. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने संत्र्याच्या एकेका फोडीची साल सोलली. सफरचंदाचे तुकडे असे सारखे केले, की जणू कोणी मोजायलाच येणार होतं. अक्रोडाची पूड केली. दोन तास लागले. मला हसू येत होतं आणि रडूही.

"अगं, एकच घास. माझ्यासाठी."

बाईंचे ओठ घट्ट मिटलेले. घड्याळजींनी सहा वेळा चमचा पुढे केला, सहाही वेळा तो तसाच मागे आला.

तीस वर्षांत या घरात कोणी बाईंना विचारलं नाही, "तुला आवडतं का हे?" त्यांना फळांच्या फोडी मुळीच आवडत नाहीत. सगळे जेवून उठले की त्या स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या, मला दोन्ही हातांनी तोंडाला लावायच्या आणि तळाला सुटलेला रस डोळे मिटून प्यायच्या. हे मला ठाऊक आहे. फक्त मला.

घड्याळजींनी मला पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं. दुपार कलली तसा फळांना रस सुटला. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पाणी सुटलं! सगळं बिघडलं." जन्मभर त्यांना एकच ठाऊक, आत पाणी गेलं की घड्याळ कामातून गेलं.

त्यांनी फोडी ताटलीत काढल्या. तळाशी राहिला तो रस, पिवळसर, मधाचा, लिंबाचा. बाईंचे डोळे माझ्यावर खिळले. डावा हात हळूहळू वर उठला.

"नको ना तुला? नेतो, नेतो," असं म्हणून घड्याळजींनी मला उचललं. अहो, नको नाही हो! मागतेय ती!

आता मी मोरीवर तिरका आहे. रस काठाशी आलाय. घड्याळजी स्वतःशीच पुटपुटताहेत, "एवढंही जमलं नाही मला." आतल्या खोलीत बाई डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या दांडीवर आपटताहेत. टक, टक, टक.

घड्याळजी थबकलेत. मान अजून वळलेली नाही. बाईंची वाचा गेली, म्हणून त्यांच्या तोंडचं मीच म्हणतोय. अहो, ऐकलंत का? मागे वळून बघा.