नऊ मतं आणि भैरू नावाडी

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. सारीपाटावरचा लांबट फासा नव्हे. बाभळीच्या लाकडाचा, चांगला वीस बाजूंचा. माझी एक कड उडालेली आहे आणि अंगाला हिंगाचा वास येतो, कारण माझा मुक्काम हिंगाच्या रिकाम्या डबीत असतो.

प्रणिताताई पुण्याहून शिकून वडवणीला परतली, ती एक खेळ घेऊनच. त्यात एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. त्या माणसांचं एखादं काम जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. विकतचा फासा पहिल्याच आठवड्यात हरवला. मग ताईने पुठ्ठ्याचा नमुना करून तलवाड्याच्या बजरंग सुतारांना दिला. बैलगाड्या घडवणारा माणूस, पण माझ्यापुढे मेटाकुटीला आला. माझी दोन भावंडं फुकट गेली, तिसरा मी. तापल्या खिळ्याने त्यांनी माझ्यावर आकडे डागले. तेव्हा दुखलं होतं, हे आज सांगून टाकतो.

ताईचे वडील मल्लिनाथअण्णा यांचं सरकी-पेंडीचं दुकान. "दुकानात फासा? लोक म्हणतील, अण्णानं अड्डा काढलाय," म्हणत त्यांनी मला चुलीत घालायला उचललं होतं. मग एकदा दाराआड उभं राहून त्यांनी गोष्ट ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी ही डबी त्यांनीच आणून दिली.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद असायचं. मग मागच्या खोलीत खेळ रंगायचा. ताईचा भाऊ सिद्धाराम औषधं विकणारा फिरस्ता व्हायचा आणि त्याचा बालपणापासूनचा दोस्त रविराज भैरू नावाडी. ताईचा नियम एकच, पण कडक. फासा टाकण्याआधी 'कावून', म्हणजे का, ते सांगायचं. आपलं कारण नव्हे, गोष्टीतल्या माणसाचं. ते पटलं तरच मी हाती लागायचो. दोन वर्षं मी अशी मानाने काढली.

मग वॉर्डाची निवडणूक आली. रविराजचे वडील अर्जुनराव नऊ मतांनी पडले, आणि मल्लिनाथअण्णांच्या घरात मतं बरोबर नऊ. एवढं जुळलेलं लोकांना पुरलं; अण्णांनीच पाडलं, म्हणाले. खरं काय ते त्या मशीनलाच ठाऊक. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं आणि मी तीन महिने डबीत पडून राहिलो.

एका दुपारी रविराज आला. "अर्धी राह्यलेली गोष्ट संपवू," तो उभ्यानेच म्हणाला. "मंग माझं येणं बंद."

गोष्ट नेमकी वाईट जागी थांबली होती. नदीला पूर, भैरूची होडी मधोमध, आणि पाण्यात पडलेला फिरस्ता भैरूच्या हाताला लोंबकळतोय. सिद्धाराम मान वर करत नव्हता.

"मी त्याचा हात झटकतो," रविराज म्हणाला. "फासा दे."

ताईने मला मुठीत घट्ट धरलं. "कावून?"

"भैरूला वाटलं म्हणून."

"भैरूला कावून वाटलं?"

"त्याच्या बापानं माझ्या बापाला पाडलं म्हणून."

"भैरूचा बाप तर गोष्टीच्या आदीच वारलाय, रविराज. त्याला कुणी पाडलं न्हाई."

ताईच्या तळव्याला घाम सुटला होता, तो मला कळत होता. आता हा निघून जाणार, दोस्ती संपणार, आणि आपणही चुलीत जाणार, अशी मला भीती वाटली. गोष्टीतल्या प्रत्येक माणसाची माहिती एकेका कागदावर लिहिलेली असे; ताईने त्यातला एक पुढे सरकवला. "भैरूचा कागद हाय. मोठ्यानं वाच."

रविराज वाचू लागला, "भैरूचा भाऊ नदीत बुडाला. तवापासून त्यानं ठरवलंय, आपल्या होडीत बसलेला माणूस पैलतीराला न्यायचाच. मग तो कुणी का असंना."

तो थांबला. अक्षर त्याचं नव्हतं. खेळ सुरू झाला तेव्हा तो गाडीवरून पडला होता आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तो सांगत होता आणि सिद्धाराम लिहीत होता.

तो टेबलाशी बसला. "भैरू त्याला वर वढतो," तो म्हणाला. "दुसरा भाऊ नदीला द्यायचा न्हाई, म्हणून."

ताईने मूठ उघडली. "पूर लई हाय. पंधरा तरी पायजेत. कमी पडले तर हात सुटला. आन फासा एकदा पडला तो पडला, पुन्ना न्हाई."

रविराजने मला टाकलं आणि जोर जास्त झाला. मी टेबलावरून उडालो, भिंतीवर आपटलो आणि पेंडीच्या पोत्यांमागे गेलो. माझी कड उडाली ती तेव्हाच. पोतं रविराज एकट्याला हलेना. सिद्धाराम दुसऱ्या बाजूला गेला आणि दोघांनी ते सरकवलं. मोबाईलचा उजेड माझ्यावर पडला.

मी तीनवर पडलो होतो.

"किती?" ताईने विचारलं.

रविराजने मला मुठीत झाकलं. "सतरा."

सिद्धारामने मला स्वच्छ पाहिलं होतं. तो रविराजकडे बघत राहिला. "सतराच हाय, ताई," तो म्हणाला. ताईने मूठ उघडून दाखवायला सांगितलं नाही.

मित्रांनो, मी जन्मात खोटा आकडा दाखवलेला नाही, आणि माझ्या नावावर कुणी खोटं बोललेलं मला खपत नाही. पण त्या दिवशी मी त्या मुठीत सुखाने गप्प बसलो. तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला जपा. ओल लागू देऊ नका, खेळ झाला की डबीत ठेवा. आणि कुणाचा हात झटकावासा वाटला, तर आधी स्वतःलाच विचारा. माझ्या अंगावर वीस आकडे आहेत, पण 'कावून' एकाही बाजूवर लिहिलेलं नाही.