घसरगुंडीचा जोड

शाळेची नवी घसरगुंडी आम्हीच बनवणार, असं रेणुकानं पालकसभेत हेडबाईंना सांगून टाकलं, तेव्हा शेजारी चहा पीत बसलेल्या तिच्या नवऱ्याला, गोरक्षनाथला, ठसकाच लागला. अहो, शहागडात हायवेच्या कडेला त्यांचं दुकान. ट्रकचे मोडके फाळके आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायच्या, हा धंदा. तो वेल्डिंग मारायचा, ती ग्राइंडर चालवायची. सगळं लोखंडाचं काम. स्टीलच्या चकचकीत पत्र्याला दोघांनी कधी हात लावला नव्हता. पण रेणुका एकदा बोलली म्हणजे बोलली!

आणि बोलणार नाही तर काय करणार? जुन्या घसरगुंडीच्या पत्र्याचा जोड उचकटला होता, आणि त्यावरून येताना तिच्याच लेकीची, पायलची, मांडी फाटली होती. टाके घातले, जखम भरली, जुनी घसरगुंडी उखडून भंगारातही गेली. पण दुसरीतली ती पोर घसरगुंडीचं नाव काढलं की आईच्या पदराआड दडायची. रेणुकाला दुसरं काही नको होतं. आपली लेक पुन्हा वरून खाली खिदळत यावी, बस्स.

पत्रा आला. गोरक्षनाथनं जोड असा मारला की बघत राहावं. आता जोडावरचा उंचवटा घासून सपाट करायचा होता.

"दुकानात पडल्यात की ग्राइंडरच्या चकत्या," तो म्हणाला.

"त्या लोखंडाच्या हायेत. मी जालन्याला जाऊन विचारून आणते. तवर तुम्ही हात लावू नका, सांगून ठेवते."

जालन्यात स्टेशनच्या बाजूला नोमानभाईंचं हार्डवेअरचं दुकान. रेणुकानं चकत्या मागितल्या, तर नोमानभाई देईनातच.

"भाभी, डॉक्टरकडं गेल्यावर आपण गोळीचं नाव सांगतो का दुखणं सांगतो? घासायचं काय हाये, ते आधी सांगा."

तिनं सगळं सांगितलं, पायलच्या टाक्यांसकट. नोमानभाई खुर्चीतून उठलेच. घरचं लग्न असल्यासारखे भराभर डबे काढायला लागले.

"ही जाड, दगडासारखी चकती. ट्रॉलीला एकदम बराबर. पण पातळ पत्र्यावर टेकवली की खड्डा पाडते, पत्रा निळा पडतो. तुम्हाला ही पाहिजे, फ्लॅप डिस्क. बघा, पॉलिशपेपरच्या पाकळ्या एकीवर एक. आधी साठ नंबर, मंग ऐंशी, मंग एकशेवीस. नंबर वाढला की दाणा बारीक."

"मंग एकशेवीसच द्या ना जल्दी! कशाला पायऱ्या?"

"बारीक दाण्याला उंचवटा कापत न्हाई, भाभी. चकती जळंल, जोड तसाच. आणि साठवर थांबलात तर चरे राहतील. शेवटी ही मऊ, जाळीदार चकती, तिनं झळाळी येते." मग ते एकदम बोट उगारून म्हणाले, "आणि लोखंडाला लागलेली चकती स्टीलला बिलकुल लावायची न्हाई! लोखंडाचे कण चिकटतात, मंग स्टीलवर गंज येतो. लोक म्हणतात, माल नकली. आणि झालं का न्हाई, ते हातानं कळत न्हाई. कापूस फिरवा. कुसळ असंल तिथं धागा अडकतोच."

कापूस! कापसाच्या मुलखात जन्म गेला आणि हे कुणी सांगितलं नव्हतं! रेणुका एस्टीत बसली ती मनातल्या मनात पत्रा घासतच.

शहागडला उतरली तर रस्त्यावरूनच ग्राइंडरचा आवाज. धावत गेली, तर गोरक्षनाथ ट्रॉलीचीच जाड चकती लावून जोडावर ओणवा! पत्र्यावर निळा पट्टा, मधोमध खड्डा.

"उतावळा नवरा आन् गुडघ्याला बाशिंग! सांगून गेल्ते ना मी?"

"तुला मदत करून राह्यलो," तो कसाबसा म्हणाला.

"मदत? अख्ख्या शहागडची पोरं बसणार हायेत याच्यावर!"

सकाळी बघते तर दवानं पत्र्यावर लालसर ठिपके उमटलेले. स्टीलला गंज! नोमानभाईंचा शब्द न् शब्द खरा. गोरक्षनाथ कान धरून उभा राहिला आणि रेणुकाला रागातही हसू फुटलं. त्यानं खड्डा वेल्डिंगनं भरून दिला, आणि मग ती घासायला बसली.

साठ नंबर. हात हलका, चकती एका जागी थांबू द्यायची नाही. उंचवटा बसत गेला, लाल ठिपके उडाले. ऐंशी. चरे बारीक झाले. एकशेवीस. मग ती मऊ जाळीदार चकती फिरली आणि पत्र्यात आभाळ दिसायला लागलं. "अहो, इकडं या! जोड कुठं हाये, दाखवा बरं!" ती ओरडली. गोरक्षनाथनं डोळे बारीक करून शोधलं, त्याला सापडेना. रेणुकाला नाचावंसं वाटलं.

तिनं देव्हाऱ्यातल्या वातींचा कापूस आणला, वरून खाली फिरवला. सरसर गेला. एक धागा अडकला नाही.

"मला दे."

पायल दाराशी उभी होती. कधीपासून, देव जाणे. पोरगी पुढं आली, कापूस घेतला आणि पत्र्याशी उकिडवी बसली. तिनं वरून खाली फिरवला, मग खालून वर, मग आडवा, थेट कडेच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं पांढरा धागा लटकला.

"आई, इथं हाये."

आईनं एकाच बाजूनं बघितलं होतं, लेकीनं चहूकडून. तिनं पुन्हा ग्राइंडर उचलला. पायल लांब जाऊन कानांवर हात ठेवून उभी राहिली, मशीन थांबलं की कापूस घेऊन हजर. "अजून हाये." पुन्हा घासणं. "अजून थोडं." कुठल्या साहेबानं एवढी तपासणी केली नसती! शेवटी कापूस चारी बाजूंनी सरसर फिरला आणि पायल घरात निघून गेली. बसणार का, हे विचारायची हिंमत रेणुकाला झाली नाही.

घसरगुंडी शाळेत उभी राहिली त्या दिवशी सगळी पोरं भोवती, पण पहिला पाय टाकेना कुणी. सगळ्यांची नजर पायलवर. हेडबाई म्हणाल्या, "घाई नाही हं." आणि पायल निघाली की शिडीकडं! चढली. वर जाऊन बसली. दांड्या दोन्ही हातांनी गच्च धरल्या, ओठ पांढरे पडले.

रेणुका धावत खालच्या टोकाशी गेली. गुडघे टेकले, दोन्ही हात पसरले. लेक आली की वरच्यावर झेलायची, जमिनीला अंग लागू द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पायलनं वरून आईकडं पाहिलं. मग मान खाली घालून पत्र्याकडं पाहिलं. आणि दांड्या सोडता सोडता, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडली,

"आई, बाजूला हो ना!"